सातपूरच्या मतदाराने आता कोणाला पाडायचे?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे माननीय प्रदेशाध्यक्ष,
आणि विशेषेकरून भारतीय जनता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष श्री. रवींद्र चव्हाण यांस,



मी सातपूरचा मतदार आहे. आमचे सातपूर नाशिक पश्चिम विधानसभा मतदारसंघात येते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही इथे मतदान केले. रिंगणात बरेच जण होते, पण खरी लढत तिघांत होती. भाजपच्या सीमा हिरे, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे सुधाकर बडगुजर आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे दिनकर पाटील. हिरे सुमारे ६८ हजारांच्या मताधिक्याने तिसऱ्यांदा आमदार झाल्या. बडगुजर दुसरे राहिले, पाटील तिसरे. या दोघांच्या मतांची बेरीज लाखाच्या बरीच वर जाते.

जून २०२५ मध्ये बडगुजर भाजपमध्ये आले. २५ डिसेंबर २०२५ रोजी पाटील भाजपमध्ये आले. निकालानंतर तेरा-चौदा महिन्यांच्या आत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे तिन्ही उमेदवार एकाच पक्षात जमा झाले.

हे पत्र त्या तिघांना लिहिलेले नाही. पक्षांतर करणाऱ्यावर तोंडसुख घेणे सोपे असते, आणि गेली कित्येक वर्षे महाराष्ट्र तेच करतो आहे. त्याने काहीही बदललेले नाही. जाणारा जातो तो कोणीतरी दार उघडून उभा असतो म्हणून. उपरणे गळ्यात घालणारे हात आपले असतात, उमेदवारीच्या एबी फॉर्मवर सही आपल्या पक्षाची असते. म्हणून पत्र आपल्याला.

माझा प्रश्न एकच आहे. ज्या लाखावर माणसांनी त्या दिवशी भाजपला मत दिले नाही, त्यांच्या मताचे आपण काय केलेत? कोणी सरकारवर नाराज होते, कोणाला ठाकऱ्यांबद्दल आपुलकी होती, कोणाला राज ठाकरे यांचे भाषण पटले होते, कोणाला आपल्या भागातला माणूस आमदार व्हावा असे वाटत होते. कारण काहीही असो, हरलेल्या उमेदवाराला पडलेले मतही लोकशाहीत कामाचे असते. पाच वर्षे त्याने विरोधात उभे राहावे, जिंकलेल्याला प्रश्न विचारावेत, पुढच्या वेळी लोकांपुढे दुसरा पर्याय ठेवावा, यासाठी ते दिलेले असते. ते मत उमेदवाराच्या सामानासोबत उचलून नेण्याचा अधिकार त्यालाही नव्हता आणि ते स्वीकारण्याचा अधिकार आपल्यालाही नव्हता.

दिनकर पाटील यांचा प्रवास मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सातपूर-गंगापूर पट्ट्यात त्यांचे नाव घराघरांत माहीत आहे आणि त्यांचे काम नाकारण्याचा माझा हेतू नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ते नाशिकमधून बहुजन समाज पक्षाचे उमेदवार होते. २०१७ मध्ये महापालिकेत भाजपने १२२ पैकी ६६ जागा जिंकून एकहाती सत्ता मिळवली, तेव्हा ते भाजपचे सभागृहनेते झाले. २०२४ मध्ये विधानसभेची उमेदवारी पुन्हा सीमा हिरे यांना मिळाली, तेव्हा त्यांनी भाजप सोडला. मनसेने त्यांना पक्षात घेतले आणि लगेच उमेदवारीही दिली. पुढे ते त्या पक्षाचे प्रदेश सरचिटणीस झाले. २४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत उद्धव आणि राज ठाकरे यांनी युती जाहीर केली. नाशिकमध्ये त्या युतीचा जल्लोष झाला आणि पाटील त्या जल्लोषात होते. दुसऱ्या दिवशी ते भाजपमध्ये दाखल झाले. त्यांच्यासोबत ठाकरे गटाचे माजी महापौर विनायक पांडे, मनसेचे पहिले महापौर राहिलेले यतीन वाघ आणि काँग्रेसचे शाहू खैरे हेही होते. भाजपच्याच आमदार देवयानी फरांदे यांनी या प्रवेशांना उघड विरोध केला. कार्यकर्ते रस्त्यावर आले. प्रवेश झाले ते झालेच.

पाटील यांनी २०२४ मध्ये भाजप का सोडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उमेदवारी मिळाली नाही. पण मनसेने त्यांना का घेतले, हे मनसेने सांगितले का? आणि वर्षभरापूर्वी आपल्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध लढलेल्या माणसाला भाजपने परत का घेतले, हे भाजपने सांगितले का? दोन्ही पक्षांनी दोन्ही वेळा उपरणे घातले, फोटो काढला, आणि पक्ष बळकट झाल्याचे जाहीर केले. मतदाराला कोणी विचारले नाही, आणि सांगितलेही नाही.

बडगुजर यांच्याबाबत तर एक प्रश्न आपल्याला थेट विचारलाच पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, भाजपचे आमदार नितेश राणे यांनी विधानसभेत फोटो दाखवले आणि १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या सलीम कुत्ता या दोषी कैद्यासोबत बडगुजर पार्टीत होते, असा आरोप केला. सरकारने विशेष तपास पथकामार्फत चौकशीची घोषणा सभागृहात केली. बडगुजर यांनी आरोप फेटाळले. त्या आरोपांत तथ्य होते की नव्हते, हे ठरवणारा मी कोण? मी कोणावर ठपका ठेवत नाही. पण विधानसभेच्या सभागृहात केलेला आरोप ही काही चौकातली बाचाबाची नसते. तो आरोप खरा वाटत होता, तर अठरा महिन्यांनी प्रवेश कसा दिला? आणि तो खोटा होता, तर एका माणसाची राज्यभर बदनामी केल्याबद्दल आपण त्याच सभागृहात दिलगिरी व्यक्त करायला नको होती का? यातले एक तरी व्हायला हवे होते. दोन्हीपैकी काहीच झाले नाही. स्थानिक आमदार सीमा हिरे यांनी विरोध जाहीर केला होता, तोही बाजूला ठेवला गेला. नाशिक पश्चिममध्ये प्रचाराच्या काळात तो आरोप किती वेळा उगाळला गेला, ते आम्ही कानांनी ऐकले आहे. त्यावर विश्वास ठेवून ज्यांनी मत दिले, त्यांना आज आपले काय सांगणे आहे?

यात भाजप एकटा नाही, हे मी आधीच म्हणून ठेवतो. नाशिकने हा खेळ सगळ्या पक्षांच्या झेंड्यांखाली पाहिला आहे. २००९ मध्ये मनसेचे तीन आमदार एका फटक्यात या शहरातून निवडून आले. मध्यमधून वसंत गिते, पूर्वमधून उत्तमराव ढिकले, आणि आमच्या पश्चिममधून नितीन भोसले. ढिकले त्याआधी शिवसेनेचे खासदार होते, गिते शिवसेनेचे महापौर होते. २०१२ मध्ये मनसेचे ४० नगरसेवक निवडून आले आणि महापौर त्यांचा झाला. २०१७ च्या निवडणुकीआधी त्यातले किती शिवसेनेत गेले आणि किती भाजपमध्ये, याचा हिशेब ठेवणे अवघड झाले होते. मनसेचे अवघे ५ नगरसेवक उरले. गिते भाजपमध्ये गेले, तिथून पुन्हा शिवसेनेत आले. २०१९ मध्ये भाजप-शिवसेना युती असताना शिवसेनेचे विलास शिंदे आमच्या मतदारसंघात युतीच्या उमेदवाराविरुद्ध बंडखोरी करून उभे राहिले. पुढे ते ठाकरे गटाचे महानगरप्रमुख झाले, आणि २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. प्रत्येक वेळी घेणाऱ्या पक्षाने स्वागतच केले.

आपण म्हणाल, माणसाचे मत बदलू शकते. मान्य आहे. मत बदलण्याचे स्वातंत्र्य नसेल तर राजकारणाला अर्थच उरणार नाही. याच नाशिकमध्ये जन्मलेल्या छगन भुजबळ यांचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९९१ मध्ये, नागपूर अधिवेशन चालू असताना, ते शिवसेनेच्या आमदारांचा एक गट घेऊन बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले. मंडल आयोगाच्या प्रश्नावर पक्षाशी जमत नाही, असे त्यांनी सांगितले. ते कारण कोणाला पटले, कोणाला नाही. त्यामागे सत्तेचा हिशेब होता असे म्हणणारेही पुष्कळ होते. पण कारण सांगितले गेले, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, आणि १९९५ मध्ये त्यांच्या माझगाव मतदारसंघातल्या मतदारांना निकाल देण्याची संधी मिळाली. शिवसेनेने बाळा नांदगावकर यांना उभे केले आणि भुजबळ पडले. पक्षांतराचा खरा निवाडा असा होतो. ज्याला सोडले तो पक्ष समोर उभा राहतो, आणि मधे मतदार असतो.

हेमंत गोडसे यांचेही तसेच. २००९ मध्ये ते मनसेचे लोकसभा उमेदवार होते आणि समीर भुजबळ यांच्याकडून पडले. मग शिवसेनेत गेले, २०१४ मध्ये छगन भुजबळ यांना हरवून खासदार झाले, २०१९ मध्ये समीर भुजबळ यांना हरवून पुन्हा निवडून आले. २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. २०२४ मध्ये राजाभाऊ वाजे यांनी त्यांना दीड लाखाहून अधिक मतांनी पाडले. लोकांनी आपला हिशेब चुकता केला. तो करता आला, कारण समोर वाजे उभे होते.

आता नाशिक पश्चिमचा विचार करा. पुढच्या वेळी माझ्यासारख्याला हिशेब चुकता करायचा असेल, तर तो कोणाकडून? ज्याला २०२४ मध्ये मत दिले तो, ज्याच्या विरोधात दिले तो, आणि या दोघांनाही नाकारून ज्या तिसऱ्याला दिले तो, तिघेही एकाच चिन्हाखाली आहेत. नाराज मतदाराकडे शिक्षा देण्याचे एकच साधन असते, आणि ते म्हणजे दुसऱ्याला मत. आपण ते दुसरे नावच ठेवले नाही. पक्ष वाढवणे हे आपले काम आहे, पण मतपत्रिकेवरचे पर्याय संपवून पक्ष वाढवणे हा मतदारावर अन्याय आहे.

महापालिका निवडणुकीत पक्ष बदललेल्यांना लोकांनी पुन्हा निवडून दिले, म्हणजे त्यांना हे मान्य आहे, असे उत्तर येईल. ते अर्धेच खरे आहे. नाशिकमध्ये बहुतेक प्रभागांत चार-चार जागा असतात. एका मतदाराला चार वेळा बटण दाबायचे असते. चार जणांच्या पॅनेलमध्ये तीन जुने आणि एक नवा आलेला असेल, तर नव्यावरचा राग जुन्या तिघांवर काढायचा का, या पेचात लोक पडतात. बहुतेक जण चिन्ह पाहून चारही बटणे दाबून मोकळे होतात. त्यातून निघालेल्या निकालाला पक्षांतराचा कौल म्हणता येत नाही. शिवाय पाटील यांचे पक्षांतर ज्या निवडणुकीसाठी झाले, तिच्या उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख ३० डिसेंबर होती. प्रवेश २५ डिसेंबरला. मधल्या पाच दिवसांत मतदाराने काय विचार करावा, अशी आपली अपेक्षा होती?

कायद्याचे काय, असे कोणी विचारेल. कायदा आहे. हरियाणात १९६७ मध्ये गया लाल या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालते, ही पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. आता दोन तृतीयांशांचे विलीनीकरण लागते. महाराष्ट्रात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. कागदावर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात आमदार-खासदारांबाबतचा निकाल सभागृहाच्या अध्यक्षांच्या हाती, आणि अध्यक्ष कोणत्या ना कोणत्या पक्षाचेच. जून २०२२ मधल्या शिवसेनेतल्या फुटीवर विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली निघाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले होते, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले होते. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले.

पण आमच्या सातपूरच्या बाबतीत हा कायदा लागूच होत नाही. तो लागतो निवडून आलेल्याला. हरलेला उमेदवार कायद्याच्या दृष्टीने साधा नागरिक, तो हवे तिथे जाऊ शकतो. आणि नाशिकमध्ये जवळपास चार वर्षे निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासकीय राजवट होती. म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा पुस्तकात होता, पण ज्यांना तो लागू होईल अशी माणसेच शहरात नव्हती. सगळेच माजी. माजी कुठेही गेला तरी चालतो.

या चार वर्षांत सातपूरमध्ये काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे. सातपूर ही कामगारांची वसाहत. साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग मायको, महिंद्र, सीएट अशा कंपन्या आल्या, त्यांच्याभोवती सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर वाढत गेले. १९८२ मध्ये सातपूर नगरपालिका नाशिक महापालिकेत विलीन झाली. इथल्या लोकांचे प्रश्न मोठे नसतात. ड्रेनेज तुंबणे, कमी दाबाने येणारे पाणी, बंद पडलेला पथदिवा, नासर्डीच्या पात्रात येणारे सांडपाणी, त्र्यंबक रोडवरची वाहतूक. पूर्वी माणूस सकाळी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात जायचा. चार वर्षे तिथे एकच उत्तर मिळाले, आता आम्ही माजी आहोत, विभागीय कार्यालयात अर्ज द्या. निधी राज्य सरकारकडून येणार, निर्णय आयुक्त घेणार, आणि आयुक्तांचे प्रशासन मंत्रालयाकडे पाहणार. अशा वेळी वॉर्डात काम करून दाखवायचे असेल, तर माजी नगरसेवकापुढे सत्ताधाऱ्यांचे दार हा एकच रस्ता राहतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, हजारो कोटींच्या कामांची चर्चा आहे. मग प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ‘विकासासाठी आलो’ असे ऐकू येते, त्यात नवल नाही.

मी या वाक्याला नुसते खोटे म्हणून झटकून टाकत नाही. त्यात सत्याचा अंश आहे, आणि तीच सर्वांत गंभीर बाब आहे. विरोधी पक्षातल्या लोकप्रतिनिधीच्या भागात गटार दुरुस्त होत नसेल, म्हणून त्याला पक्ष बदलावा लागत असेल, तर सरकारी निधी हा पक्षप्रवेशाचा मोबदला झाला. तो निधी सातपूरच्या कामगारानेही भरलेल्या कराचा आहे. त्याने कोणाला मत दिले यावर त्याच्या दारातले ड्रेनेज अवलंबून असता कामा नये. आपण सत्तेत असाल तर हे आपण बंद करू शकता. आपण विरोधात असाल तर सत्तेत असताना आपणही हेच केले होते, हे आठवा.

आता ज्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाही त्यांच्याबद्दल. पक्षप्रवेशाच्या फोटोत नेता असतो, मागे दहा-वीस चेहरे असतात. त्या फोटोत जे नसतात, ते वस्तीतच राहतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. कंत्राटी कामगार, सेकंड शिफ्ट करतो. निवडणुकीच्या काळात बिनपगारी रजा टाकून मतदार चिठ्ठ्या वाटत होता. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून लांब टाकलेल्या टेबलावर सकाळपासून बसला होता, यादीवर रेघा मारत. समोरच्या टेबलावर त्याच्याच गल्लीतला मित्र दुसऱ्या पक्षाची यादी घेऊन बसला होता. दुपारी दोघांत बोगस मतावरून वाद झाला, शिवीगाळ झाली, ते बोलेनासे झाले. आज दोघांचे नेते एका फलकावर शेजारी शेजारी हसताना दिसतात. ते दोघे अजून बोलत नाहीत.

त्याहून वाईट गोष्ट त्या कंत्राटी कामगार मुलाच्या केसची. काही वर्षांपूर्वी पक्षाने रास्ता रोको केला. आदेश वरून आला होता. पोलिसांनी जमावबंदीचे उल्लंघन आणि बेकायदा जमाव अशी कलमे लावली. नेत्याचे नाव पहिले, मग दहा-बारा जणांची नावे, शेवटच्यांत याचे. नेता पक्ष बदलून गेला. त्याच्याकडे वकील आहे, वेळ आहे. या मुलाला तारखेला अर्धा दिवस मोडावा लागतो, आणि कंत्राटदार अर्ध्या दिवसाची हजेरी लावत नाही. मध्यंतरी एका चांगल्या कंपनीत कायम होण्याची संधी आली. कंपनीने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली. अहवालात गुन्हा प्रलंबित असल्याची नोंद आली. नोकरी गेली. ज्या पक्षासाठी तो रस्त्यावर बसला, त्या पक्षाने त्याला विचारले नाही, कारण तो ज्या नेत्याचा माणूस मानला जात होता तो निघून गेला होता. नेता ज्या पक्षात गेला त्यानेही विचारले नाही, कारण तिथे आधीचेच कार्यकर्ते रागावलेले होते. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. त्यासाठी अर्ज, समिती, शिफारस असे सगळे करावे लागते. याच्यासाठी ते करणार कोण?

आणि दुसऱ्या बाजूचा विचार केला तर, ज्या पक्षात नवीन माणूस येतो तिथल्या जुन्या कार्यकर्त्याची अवस्था याहून वेगळी नाही. जो वर्षानुवर्षे सतरंज्या उचलतो, पन्नाप्रमुख म्हणून मतदार यादीच्या एका पानावरची नावे तोंडपाठ ठेवतो, त्याच्या डोक्यावरून माणूस येतो आणि उमेदवारी घेऊन जातो. ३० डिसेंबर २०२५ रोजी नाशिकमध्ये एबी फॉर्मसाठी जी पळापळ झाली, शहराध्यक्षांच्या गाडीमागे इच्छुकांच्या गाड्या लागल्या, ती सगळ्या राज्याने पाहिली. ती माणसे बेशिस्त होती असे म्हणून विषय संपवता येणार नाही. त्यांना वर्षानुवर्षे एक शब्द देण्यात आला होता, आणि तो ऐनवेळी मोडण्यात आला.

सगळेच असे वागत नाहीत. आमच्या या पश्चिम मतदारसंघात सीटू या कामगार संघटनेचे कॉम्रेड डी. एल. कराड यांच्यासारखेही एक उमेदवार होऊन गेले. २०१९ मध्ये ते माकपच्या चिन्हावर लढले आणि पडले. त्यांच्या विचारांशी माझे अनेक बाबतींत जमत नाही. पण पडल्यानंतरही ते त्याच लाल झेंड्याखाली कारखान्यांच्या गेटवर उभे राहिलेले सातपूरच्या कामगारांनी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा तर ते कुठे भेटतील, हे माहीत असते. मतदाराला एवढे तरी माहीत असण्याचा हक्क आहे.

मग माझे मागणे काय? संसदेने कायदा कधी बदलायचा तो बदलो. आपल्या हातात आजच करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या पक्षाच्या घटनेत एक नियम घाला. आधीच्या निवडणुकीत जो आपल्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध लढला, त्याला पक्षात यायचे असेल तर यावे, सतरंजीवर बसावे, काम करावे, पण लागोपाठची पुढची निवडणूक होईपर्यंत त्याला ना उमेदवारी मिळेल ना पद. ज्याला खरेच विचार पटला आहे तो एक निवडणूक थांबेल. जो थांबणार नाही, तो कशासाठी आला होता हे आपोआप कळेल. एका पक्षाने जरी हा नियम केला आणि पाळला, तरी बाकीच्यांना लाजेखातर तो करावा लागेल.

तसेच, प्रवेश मुंबईच्या कार्यालयात करू नका. ज्या मतदारसंघातून माणूस उभा होता तिथे सभा घ्या, तिथल्या लोकांसमोर त्याने आधीचा पक्ष का सोडला ते सांगू द्या, आणि आपण त्याच्यावर पूर्वी केलेल्या आरोपांचे काय झाले ते आपण सांगा. आरोप मागे घेत असाल तर मागे घेतो म्हणा. ठाम असाल तर प्रवेश देऊ नका. जमलेल्या लोकांना चार प्रश्न विचारू द्या. आणि नेत्यासोबत आंदोलनात नाव अडकलेल्या पोरांची यादी त्याच्याकडून घ्या. तो जिथून निघाला त्या पक्षानेही आणि जिथे आला त्या पक्षानेही त्या केसेसची जबाबदारी घ्यावी, वकील द्यावा, खटला मागे घेण्याच्या शिफारशीसाठी पाठपुरावा करावा. सत्ताधारी पक्षांना हे अवघड नाही.

प्रभागाच्या निधीचा हिशेबही जाहीर करा. कोणत्या प्रभागाला किती मिळाले आणि तिथला लोकप्रतिनिधी कोणत्या पक्षाचा आहे, हे दरवर्षी महापालिकेने फलकावर लावले, तर ‘विकासासाठी आलो’ या वाक्यातले खरेखोटे लोकांना स्वतःच पडताळून पाहता येईल.

चव्हाण साहेब, सुरुवात आपण करावी, कारण आमचे तिन्ही उमेदवार आज आपल्याकडे आहेत. सातपूरला जाहीर सभा घ्या. हिरे, बडगुजर आणि पाटील या तिघांनाही मंचावर बसवा. २०२४ च्या प्रचारात तिघे एकमेकांबद्दल काय बोलले होते, ते आम्हाला आठवते. त्यातले काय खरे होते ते त्यांच्या तोंडून ऐकायला आम्ही येऊ. सेकंड शिफ्टवाल्यांना येता यावे म्हणून सभा रविवारी सकाळी ठेवा, एवढीच विनंती.

आपला,
सातपूरचा एक मतदार